कोथरूडमधली भाडेकरू शोधून देणारी एजन्सी: करार चोख, चौकशी शून्य

आईचा वन बीएचके भाड्याने द्यायचा होता, भाडेकरू आणि करार दोन्ही एकाच एजन्सीकडून घेतलं. कराराचं काम खरंच छान, माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला, आईला कुठल्या ऑफिसचा जिना चढावा लागला नाही, रजिस्टर झालेली पीडीएफ मेलवर आली. पण भाडेकरूची चौकशी म्हणजे फक्त आधार-पॅनची झेरॉक्स! आधीच्या घरमालकाला एक फोन केला असता तर तिथलं पण भाडं थकवून आलाय हे कळलं असतं.

सुरुवातीला पैसे वेळेवर, मग "काकू, पगार झाला की टाकतो", मग फोनच उचलेना, आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला हार घातलेली नवी बुलेट. आईची औषधं त्या भाड्यावर चालतात हो, म्हणून जास्त चीड येते. एजन्सीचं उत्तर काय, तर ब्रोकरेज घेतलं, आमचा संबंध संपला.

रजिस्टर कराराचा उपयोग मात्र झाला. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही तर दुप्पट भाडं लागतं आणि जागा परत मिळवायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, वकिलांनी नोटिशीत हेच लिहिलं तेव्हा गडी निघाला, थकबाकी डिपॉझिटमधून कापली तरी लाईटबिल अंगावर पडलंच.

करारासाठी बोलवा यांना. भाडेकरू स्वतः बघा, आणि आधीच्या घरमालकाशी बोलल्याशिवाय चावी देऊ नका.