७६ टक्के दाखवत बॅटरी सव्वादोनला मेली: कॅम्परव्हॅनमधल्या लिथियम बॅटरीचा ११ महिन्यांचा अनुभव

आधी पापलेटचं सांगतो म्हणजे पुढची चिडचिड कळेल. कोकणात हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावात दोनदा मागे हटलो, तिसऱ्यांदा बोली जमली आणि चार झकास पापलेटं पदरात पडली. आंजर्ल्याला ओळखीच्या काकांच्या नारळाच्या वाडीत गाडी लावलेली, दुसरी रात्र, मासे साफ करून फ्रीजमध्ये. अकराला झोपताना बॅटरीचा डिस्प्ले बघितला, ७६ टक्के. म्हटलं वा! सव्वादोनला घामानं जाग आली, पंखे बंद, आणि अंधारातूनच बायको म्हणाली, "अहो, फ्रीजचा आवाज येत नाहीये." सकाळी काकांच्या शेजारच्यांनी बर्फ दिला तरी चारातली दोन मांजरांना गेली. तो ७६ आकडा माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

सेटअप बहुतेकांसारखाच. कन्व्हर्ट केलेली टेम्पो ट्रॅव्हलर, २०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिथियम फॉस्फेट बॅटरी, टपावर ४०० वॅटची पॅनल, ३००० वॅटचा इन्व्हर्टर, ४० लिटरचा १२ व्होल्टवाला फ्रीज. आधी ट्युब्युलर, म्हणजे लेड-अॅसिडवाली होती, ती उचलताना कंबर धरायची आणि डिस्टिल्ड वॉटर पाजत बसावं लागायचं (सासरे अजून विचारतात, "पाणी बघितलंत का?"). लिथियम घेतली तेव्हा पैसे जड झाले पण म्हटलं एकदाच. बॅटरीसोबत ओट्याच्या बाजूला चिकटवायचा एक छोटासा डिस्प्ले फुकट मिळाला. फुकट म्हणून मी खूश झालो होतो, हे लक्षात ठेवा.

कस्टमर केअरला फोन लावला तर म्हणे सर, लोड जास्त लावलात. म्हटलं लोड काय, दोन पंखे आणि एक फ्रीज, लग्नाचा मांडव नाहीये. मग व्हिडिओ पाठवा, मग सीरियल नंबरचा फोटो पाठवा, मग पाचव्या दिवशी माणूस आला. त्याने टर्मिनल काढलं, पुसलं, परत लावलं आणि व्हिजिटचे ८५० रुपये मागितले. वॉरंटीत आहे म्हटलं तर म्हणे बॅटरी वॉरंटीत आहे, येणं नाही. अर्धा तास भांडलो, शेवटी ४०० वर मिटलं, पण ते ४०० सुद्धा मला अजून लागतात. त्या रात्री मी बॅटरीला एक स्टार देणारा रिव्ह्यू टाइप करून ठेवला होता, नशीब टाकला नाही.

कारण नंतर कळलं की बॅटरी बिचारी निर्दोष होती. डिस्प्लेचं बटण सहज दाबून धरलं तर आत मेनू निघाला, आणि तो पठ्ठ्या लेड-अॅसिडवर सेट केलेला! लेड-अॅसिडला साडेबारा व्होल्ट म्हणजे चांगली ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरलेली असते, लिथियमला तेच साडेबारा म्हणजे तळ गाठत आलेला. म्हणजे रात्री अकराला मी ज्या ७६ वर निवांत झोपलो ते खरं तर दहा-बारा टक्के होते. सर्व्हिसवाला ह्याच डिस्प्लेसमोर अर्धा तास उभा होता हो!

मग लिथियमवर सेट केला आणि वाटलं संपलं एकदाचं. कुठलं काय. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू झाला की ४० टक्के, बंद झाला की ६५, बायको म्हणाली हे काय शेअर मार्केट आहे का. त्यात त्याचीही चूक नाही म्हणा, लिथियम फॉस्फेटचा व्होल्टेज मधल्या भागात जवळजवळ हलतच नाही, साधारण १३.२ ते १३ ह्या एवढ्याशा फरकात निम्मी बॅटरी जाते, त्यामुळे नुसता व्होल्टेज बघून टक्के सांगणं म्हणजे सिलिंडरला बाहेरून टिचकी मारून गॅस किती उरला ते सांगणं. पण मग टक्के दाखवूच नका ना! नुसते व्होल्ट दाखवा.

शेवटी शंटवाला मॉनिटर घेतला, साडेतीन हजार गेले. शंट काय करतो तर बॅटरीच्या निगेटिव्हमधून किती अँप आत आले किती बाहेर गेले ते मोजत राहतो, दूधवाल्याच्या वहीसारखं. मी तो लावला स्वतः आणि इन्व्हर्टरची निगेटिव्ह वायर शंटला बगल देऊन थेट बॅटरीलाच ठेवली, त्यामुळे आठवडाभर "अरे काय कमी खर्च आहे आपला" म्हणून खूश. सगळ्या निगेटिव्ह शंटच्या पलीकडून यायला पाहिजेत, गाडीच्या चॅसिसची सुद्धा. आणि मधूनमधून बॅटरी फुल्ल चार्ज होऊ द्यायची नाहीतर त्याचा हिशोब पण हळूहळू घसरतो.

वायर सरळ केली आणि त्या रात्री सगळं बंद करून बघतो तर १.६ अँप जातायत. कशाला? एकेक फ्यूज काढत बसलो, बारा वाजले, बायको म्हणाली झोपा आता. शेवटी निघाला इन्व्हर्टर. त्याला काहीही जोडलेलं नाही, नुसता चालू आहे म्हणून साधारण वीस वॅट खातोय. दिवसाला जवळजवळ ३८ एएच! माझा फ्रीज दिवसाला ४० च्या आसपास घेतो. म्हणजे ह्या घरात दुसरा एक फ्रीज होता ज्यात काहीच ठेवता येत नव्हतं.

आता इन्व्हर्टर लागेल तेव्हाच लावतो. पंखे १२ व्होल्टचे केले, मोबाईल थेट यूएसबी सॉकेटवर. तिसरं पॅनल घ्यायचं ठरत होतं, पंधरा हजारांच्या आसपास कोटेशन होतं, रद्द केलं, शंट त्यातच वसूल.

मॉनिटरमुळे एक भांडण पण मिटलं. मिक्सर लावू नकोस, बॅटरी जाईल, असं मी हिला पहिल्यापासून म्हणायचो आणि ती पाट्यावरचं वाटण घरून डब्यात आणायची. मोजलं तर ओल्या नारळाचं चार मिनिटांचं वाटण म्हणजे चार-साडेचार एएच. पंख्यांची दोनेक तासांची हवा! मला हे मोठ्याने कबूल करायला लावलं गेलं. किटली मात्र नाही हं, १५०० वॅटची किटली लावली की १२ व्होल्टकडून सव्वाशेच्या वर अँप खेचले जातात, माझा बीएमएस (बॅटरीला सांभाळणारं आतलं सर्किट) १०० अँपवाला, चहा उकळायच्या आधीच खटका पडतो. चहा गॅसवरच.

सोलरचं थोडक्यात. कोकणात सावली आणि सोलर यांचं हाडवैर आहे. सुरूच्या बनात नाहीतर नारळाच्या वाडीत गाडी लावली की माणसं गार आणि पॅनल उपाशी, आंजर्ल्याला तेच झालं होतं. ऑक्टोबरात उघड्यावर दिवसाला शंभरच्या आसपास एएच आरामात येतात, जुलैत एका दिवशी १४ आले. पावसाळ्यात भिस्त गाडीच्या अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो), पण मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर टाका, लिथियम थेट जोडली तर ती एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून बसतो. माझा ३० अँपचा आहे, दोन तास गाडी चालली की साठेक एएच.

आणि आत्ताचं ताजं. ह्या महिन्यात स्पितीला जाऊन आलो, ताबोला, सव्वातीन हजार मीटरच्या आसपास उंची. सकाळी लख्ख ऊन, पॅनलवर व्होल्टेज दिसतोय आणि चार्जिंग शून्य. परत तोच कस्टमर केअर आठवून घाम फुटला, उणे तापमानात. पण ह्यावेळी आधी मॅन्युअल वाचलं. शून्याच्या खाली ह्या सेलना चार्ज केलं तर आत लिथियम साचून ते कायमचे खराब होतात, म्हणून बीएमएस चार्जिंग स्वतःच रोखतो, वापरायला मात्र देतो. बॅटरी माझी मागच्या डिकीत, थंडगार पत्र्याला चिकटून. आईची गरम पाण्याची पिशवी तिच्याशेजारी ठेवली, घोंगडी टाकली, साडेदहाला अँप यायला लागले. आईचे गुडघे तोपर्यंत वाट बघत होते आणि तिने ते दिवसभर ऐकवलं. परत थंडीत जायचं झालं तर बॅटरी सीटखाली आत घेणार.

तर बॅटरीला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या ४०० रुपयांचा कापलाय. डिस्प्ले काढून ड्रॉवरमध्ये टाकलाय, चालू स्थितीत आहे, कोणाला हवा असेल तर फुकट देतो, कुरिअरचा खर्च तुमचा.