नेरूळ-सीवूड्सची केरळ स्टोअर्स : आत शिरण्याआधी

पाटी नियमाप्रमाणे मराठीत. आत पाऊल टाकलं की फळीवरच्या चिठ्ठ्या, गल्ल्यावरच्या गप्पा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं मल्याळम. नवी मुंबईतल्या नेरूळ, सीवूड्स, वाशी या पट्ट्यातली केरळी किराणा दुकानं ज्याला काय हवंय ते आधीच ठाऊक आहे, अशा गिऱ्हाइकासाठी मांडलेली असतात. मराठी माणूस तिथे परका ठरतो. गंमत म्हणजे निम्मा माल त्याच्या आजीच्या ओळखीचा असतो, विशेषतः आजी कोकणातली असेल तर.

पहिली गोष्ट, 'अण्णा' म्हणू नका. तो शब्द तमिळ, कन्नड, तेलुगूचा. मल्याळी माणसाला 'चेट्टा', बाईंना 'चेच्ची'. हिंदीत बोललात तरी चालतं, पण सगळ्या दक्षिणेला एकच नाव दिलं की गल्ल्यावरचा चेहरा लगेच आखडतो.

मट्टा तांदूळ म्हणजे आपल्या उकड्या तांदळाचा लाल भाऊ. लांब दाणा हवा असेल तर 'वडी', आखूड गोल हवा असेल तर 'उंड' मागा. बिघडतो तो पाण्यापायी. कोलमच्या अंदाजाने एकास दोन पाणी घातलं तर दाणा आत टणकच राहतो. तासभर भिजवा, एकास चार पाणी घाला, मंद आचेवर पाच-सहा शिट्ट्या करा, वाफ आपोआप जिरू द्या आणि मग निवळ, म्हणजे वरचं पाणी, वेगळं गाळून घ्या. निवळ फेकू नका, मीठ घालून पेजेसारखी प्या. धुताना पहिली पाणी तांबूस येतातच. चौथ्या पाण्यालाही गडद लाल रंग सुटला तर तांदूळ रंगवलेला असण्याची शंका घ्या.

कुडंपुळी हा या दुकानातला सगळ्यात कामाचा माल. नुसतं 'पुळी' म्हणालात तर हातात चिंच पडेल, पूर्ण नाव घ्या. ही आपल्या कोकमाची सख्खी चुलत बहीण, फक्त धुरावर वाळवलेली, म्हणून काळी. अर्धा किलो बांगड्याला (इथे 'अयला') किंवा तारलीला ('मत्ती') तीन-चार पाकळ्या पुरतात. आधी धुऊन घ्या, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि पाण्यासकट कालवणात घाला. जास्त पडली तर कडवटपणा येतो, मग खोबऱ्याचं दूध ओतूनही तो जात नाही. पाकळी लवचीक असावी. कडक, भुरकट पडलेली जुनी समजा. आमसुलं घालून तेच कालवण करता येईल, पण धुराचा वास येणार नाही, आणि तिथेच सगळी मजा आहे.

कप्पा, म्हणजे ज्या कंदापासून उपासाचा साबुदाणा बनतो तो. एक टोक मोडून दाखवायला सांगा. आत पांढराशुभ्र हवा. निळसर-काळ्या रेषा दिसल्या तर शिळा. काढल्यावर दोन-तीन दिवसांतच तो खराब व्हायला लागतो. घरी वरची तपकिरी साल आणि तिच्याखालची जाड गुलाबीसर साल, दोन्ही काढा. मधली दोरी ओढून टाका. भरपूर पाण्यात उघड्यावर उकडा आणि ते पाणी ओतून द्या. कंदात सायनाइड तयार करणारे घटक असतात, त्यामुळे कच्चा खाणं किंवा उकडलेलं पाणी वापरणं, दोन्ही नको. मीठ शेवटी.

पुट्टूचं (नळीत खोबऱ्यासोबत वाफवलेलं तांदळाचं पीठ) आणि इडियप्पमचं (वाफवलेल्या तांदळाच्या शेवया) पीठ शेजारी-शेजारी ठेवलेलं असतं, पाकिटंही सारखीच दिसतात. पहिलं रवाळ, दुसरं मैद्यासारखं बारीक. आपले शिरवळे करायचे तर दुसरं घ्या. बारीक पिठाचा पुट्टू केलात तर नळीत लगदा बसतो. पुट्टूच्या एक वाटी पिठाला साधारण अर्धी वाटी मिठाचं पाणी शिंपडत चोळायचं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोट लावताच फुटावा.

खोबरेल थंडीत गोठलं तर भेसळ म्हणून परत न्यायला धावू नका. चोवीस अंशांच्या आसपास ते गोठतंच. ओला नारळ आणि कढीपत्ता मात्र भाजीवाल्याकडूनच घ्या.

तक्रार एकच, पण मोठी. दुकानातच भरलेल्या मसाल्याच्या, वाळल्या मासळीच्या पिशव्यांवर कित्येकदा हाताने लिहिलेलं मल्याळमच असतं, भरल्याची तारीख नाहीच. वेष्टनावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, इतर भाषा त्याच्या जोडीला, असा नियम आहे. तारीख नसेल तर पिशवी परत ठेवा, सुटं मागा, वास घेऊन बघा.

मालाला पाचपैकी साडेचार, मांडणीला दोन. ओणमच्या आधीच्या आठवड्यात नुसतं वाणसामान आणायला जाऊ नका. केळीची पानं आणि वेफर यांच्या रांगेत अडकाल. सद्येचं, म्हणजे केळीच्या पानावरच्या ओणमच्या जेवणाचं, पार्सल हवं असेल तर मात्र तेव्हाच, आगाऊ पैसे भरून, पावती घेऊन.