टोल, कर्ज की केंद्राचा निधी? गोव्यातल्या रस्त्याचे पैसे कुणाच्या खिशातून

ग्रामसभेत रुंदीकरणाचा विषय निघाला की सगळे आराखड्यावर वाकतात. कुणाचं कुंपण जाणार, कुठला वड तुटणार. पैसा कुठून येणार, हे विचारणारा एखादाच. तो एखादा तुम्ही असाल, तर तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून बघू.

रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल (पत्रादेवी ते पोळे हा ६६, किंवा फोंडा-मोलेवरून बेळगावकडे जाणारा ७४८), तर खर्च केंद्रीय रस्ते मंत्रालय उचलतं आणि काम बहुधा आपलं साबांखाच (राज्याचं सार्वजनिक बांधकाम खातं) करवून घेतं. झुआरीवरचा मनोहर सेतू असाच झाला. डिसेंबर २०२२ मध्ये एक बाजू सुरू झाली, वर्षभराने दुसरी. राज्याच्या तिजोरीला हा भार एकटीने पेलणं कठीणच होतं. मात्र पैसा दिल्लीचा म्हटल्यावर आखणी, रुंदी, खांबांवरचा रस्ता की मातीचा भराव, यात शेवटचा शब्दही दिल्लीचाच. आणि केंद्राचा पैसा म्हणजे टोल नाही, हा समज आधी सोडा. राष्ट्रीय महामार्ग शुल्काच्या २००८ च्या नियमांनुसार निव्वळ सरकारी खर्चाने बांधलेल्या राष्ट्रीय महामार्गावरही टोल बसवता येतो.

राज्याच्या रस्त्यांसाठी मुख्य आधार कर्जाचा. त्यातही फरक आहे. नाबार्ड या शेती व ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेचा ग्रामीण पायाभूत निधी स्वस्त पडतो, रस्ते-पुलांच्या खर्चाचा ८० टक्क्यांपर्यंत वाटा देतो, पण सात वर्षांत फेडावा लागतो आणि तो गावांकडच्या रस्त्यांसाठी आहे. केंद्राने २०२०-२१ पासून सुरू केलेलं ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज सगळ्यात गोड. फक्त ते अटींसह येतं आणि ठरल्या मुदतीत खर्चावं लागतं, म्हणजे कागदपत्रं तयार असलेलंच काम त्यात बसतं. उरले राज्याचे रोखे, म्हणजे बाजारातून उचललेलं कर्ज. रिझर्व्ह बँक त्यांचा लिलाव करते, व्याज बाजाराच्या दराने. काणकोणच्या ज्या आजीने चारपदरी रस्त्यावर पाऊल ठेवलेलं नाही, तिच्याही करातून ते फिटतं.

पूर्वी एक आडवाट होती, सरकारी महामंडळाच्या नावावर कर्ज काढायचं. पणजीचा अटल सेतू गोवा राज्य पायाभूत विकास महामंडळाने उभारला, जानेवारी २०१९ मध्ये तो खुला झाला. पण २०२२ पासून, महामंडळाने काढलेलं आणि राज्याच्या अर्थसंकल्पातून फिटणारं कर्जही राज्याच्याच कर्जमर्यादेत मोजलं जातं. ती पळवाट बुजल्यासारखीच आहे.

आता टोल. जो वापरेल तो भरेल, हे कागदावर न्याय्य वाटतं. पण गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर. दोन नाक्यांत साधारण ६० किलोमीटर अंतर हवं आणि २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खाजगी गाडीला सवलतीचा मासिक पास, असा नियम. पर्वरीत नाका कल्पून बघा. म्हापसा, पणजी दोन्ही पासवाली. मग भरणार कोण? पर्यटक, मालट्रक आणि सिंधुदुर्गातून रोज कामाला येणारी मुलं. २०१३ मध्ये बाहेरच्या गाड्यांवर प्रवेश शुल्क लावलं, तेव्हा सिंधुदुर्गातून किती ओरड झाली ते आठवा. अर्ध्या पेडण्याचं सासर-माहेर त्या बाजूला आहे.

मधला पर्याय हायब्रीड ॲन्युइटीचा. ४० टक्के सरकार बांधकामादरम्यान देतं, उरलेले ठेकेदार उभे करतो आणि ते त्याला बहुधा १५ वर्षं हप्त्याने मिळतात. वाहतूक कमी झाली तरी त्याचं नुकसान नाही. कर्जच ते, वेगळ्या नावाचं.

माझं मत विचाराल तर महामार्गाला केंद्राचा पैसा घ्या, पण टोलचा खुलासा आधी लेखी मागा. गावच्या रस्त्याला नाबार्ड. टोलवरचा ठेका, म्हणजे ठेकेदाराने रस्ता बांधून टोलमधून पैसे वसूल करायचे, गोव्याला मानवेल असं वाटत नाही. कर्नाटक सीमा ते पणजी चौपदरीकरणाचा तसा करार २०१० मध्ये झाला होता. गाड्या कमी पडल्या म्हणून तो मोडला नाही, जमीनच ताब्यात आली नाही. म्हणून अंदाजपत्रक समोर आलं की पहिला प्रश्न भूसंपादनाचा विचारा: कोमुनिदादीच्या (गावच्या सामायिक) जमिनीच्या आणि घरांच्या भरपाईची रक्कम या आकड्यात धरली आहे का, आणि ती कोण देणार, राज्य की केंद्र?