ब्लूफिन ट्यूना मोजणारा स्टिरिओ कॅमेरा: लांबीला चोख, वजनाला जपून

भूमध्य समुद्रात पकडलेला ब्लूफिन पिंजऱ्यात सोडताना किमान २० टक्के मासे स्टिरिओ कॅमेऱ्याने मोजावे लागतात. अटलांटिक ट्यूनाच्या जतनासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा, म्हणजे आयकॅटचा, तसा नियमच आहे. मासा पाण्याबाहेर काढावा लागत नाही, हा या यंत्राचा सर्वांत मोठा गुण.

एका दांड्यावर दोन कॅमेरे पक्के बसवलेले असतात. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही चित्रांवर वरच्या जबड्याचं टोक आणि शेपटीची खाच दाखवली की सरळ फोर्क लांबी मिळते. घोळ होतो तो इथेच. पोहताना मासा वाकतो आणि लांबी कमी भरते. म्हणून एकाच माशाच्या अनेक फ्रेम तपासाव्यात, अंग सरळ असलेलीच घ्यावी. कॅमेऱ्याकडे तोंड किंवा शेपूट करून असलेला मासा सोडून द्यावा. कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्यांचं मोजमाप जुळवून घेणं, पाण्यातच करावं. दांडा कुठे आपटला तर पुन्हा करावं, नाहीतर सगळेच आकडे एका बाजूला झुकतात.

वजन मात्र लांबीवरून सूत्रातून येतं. ते साधारण लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं, म्हणून लांबीतली ३ टक्के चूक वजनात ९ टक्क्यांवर जाते. शिवाय २०० सेंमीचा मासा १५० किलोचा असेल तर फुल्टनचा के (लांबीच्या मानाने मासा किती पुष्ट हे सांगणारा आकडा) १.८८, १६० किलोचा असेल तर २.०; नुसत्या लांबीवरून हा फरक कळणं अशक्य. पिंजऱ्यात खाऊन पुष्ट झालेल्या माशाला रानटी माशाचं सूत्र लावलं तर वजन हमखास कमी दिसतं. अंगाची उंचीही मोजून देणारं कॅमेऱ्याचं मॉडेल असेल तर तेच घ्या. गढूळ पाण्यात मात्र कुठलंच मॉडेल कामाचं नाही.