ग्रामगीता की गीता प्रवचने: ओसरीवर वाचायला कोणतं घ्यावं?

कापसाची वेचणी आटोपली, तूर घरात आली की आमच्याकडे सांजेला वाचायला बसायचे दिवस येतात. याच सुमारास कोणीतरी विचारतंच: जगावं कसं, कशासाठी, हे सांगणारं एक पुस्तक घरात आणायचं आहे, कोणतं आणू? मी स्वतः हे ठरवताना बराच काळ दोन पुस्तकांत घुटमळलो, म्हणून जे कळलं ते सांगतो.

त्याआधी नव्या पुस्तकांविषयी थोडं. एसटी स्टँडच्या स्टॉलवर आता मन:शांती, जीवनाचा उद्देश, सकारात्मक विचार यांवरची रंगीत पुस्तकं ओळीनं मांडलेली असतात. माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे, त्याला अशा एका पुस्तकानं वाईट दिवसांत आधार दिला. म्हणून त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्यांतला वाचक पगारदार असतो, एकटा असतो आणि त्याला पहाटे उठायला शिकवावं लागतं. आमच्याकडे विजेची पाळी रात्री आली की माणूस ओलितासाठी रात्रभर शेतातच असतो. त्याला दुसऱ्या दिवशी हे वाचून दाखवलं तर तो ऐकून घेतो, पण त्यात त्याला आपलं काही सापडत नाही. निदान मला तसं दिसलं.

राहिली ती दोन: तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आणि विनोबांची गीता प्रवचने. दोन्ही आपल्याच मातीतली. एक गुरुकुंज मोझरीची, दुसरीचा कर्ता पवनारचा. दोन्ही परवडणाऱ्या किमतीत मिळतात, त्यामुळे पैशावरून निवड करायची गरज नाही.

ग्रामगीतेचं मोठेपण विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. १९५५ च्या सुमारास, देश नुकताच उभा राहत असताना, महाराजांनी एक्केचाळीस अध्यायांत अख्खं गाव मांडलं. देव आणि धर्म आहेच. पण त्याच पंगतीला गावाचं आरोग्य, गोवंश, बायाबापड्यांची उन्नती, गावातले उद्योग, लग्न, अंत्यसंस्कार, देवळं हेही आहे. मोक्षाइतकंच गावच्या नालीकडे लक्ष देणारा दुसरा ग्रंथ माझ्या वाचनात नाही. सरपंच झालेल्या माणसानं तर तो उशाशी ठेवावा. गावात महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ असेल, सायंप्रार्थना नियमित होत असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही, ग्रामगीताच घ्या.

माझं अडलं ते चालीवर. ओवी हातात घेतली की चाल आपोआप लागते. एकानं उचलली की दुसरे पूर्ण करतात, कोणी खंजिरी काढतं आणि अध्याय कधी संपला ते कळत नाही. मंडळात हेच तिचं बळ आहे. पण आमच्या ओसरीवर चार-पाच माणसं, त्यांत माझी आई. मधल्याच एखाद्या ओवीत थेट आपल्या घरची गोष्ट निघते आणि तिथं थांबावंसं वाटतं. थांबलं की चाल तुटते, लोक चुळबुळतात, मग पुन्हा धरून पुढे जावं लागतं. चाल सोडून नुसतं वाचलं तर ओवी कोरडी पडते, कारण ती गाण्यासाठीच घडली आहे. शेवटी सगळे भारावून उठायचे, पण कोणत्या गोष्टीनं भारावलो हे दुसऱ्या दिवशी सांगता यायचं नाही. ही खंत लहान वाटेल, पण माझ्या निवडीत तीच भारी पडली.

गीता प्रवचने मुळात बोललेलीच आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचनं कैद्यांपुढे दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. समोर सगळ्या तऱ्हेची माणसं होती, म्हणून वाक्यं आखूड आहेत, दाखले रोजचे आहेत. कुठंही थांबा, धागा तुटत नाही. मोठ्यानं वाचताना दमही लागत नाही.

पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाचा दाखला आहे. शेकडो लोकांना फाशी सुनावणाऱ्या त्या माणसापुढे त्याचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो, आणि मग त्याला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. अर्जुनाचं असंच झालं, असं विनोबा म्हणतात. हे वाचलं त्या सांजेला आई म्हणाली, "थांब ना बावा, ते मंघाचं पुन्हा वाच." दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकानं आपल्या भावाशी चाललेल्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाचा विषय स्वतःहून काढला. पुढचं पान त्या दिवशी उघडलंच नाही. मला पुस्तकाकडून हवं होतं ते हे.

उणं नाही असं नाही. तेराव्या-चौदाव्या अध्यायाला विचार जड होतो, कानावर गीता अजिबात न पडलेल्याला तिथं हात धरावा लागतो. आणि गाव कसं चालवावं हे त्यात शोधू नये. तिथं ग्रामगीतेला तोड नाही. कर्माबद्दल बोलताना मात्र विनोबा जे सांगतात ते शेतकऱ्याला लगेच पटतं: बाहेरचं काम आणि आतलं मन एकत्र आलं की कामाचं ओझं राहत नाही. पेरणीच्या दिवसांत हे अनुभवलेली माणसं माझ्या ओसरीवर बसतात, त्यांना उदाहरण द्यावं लागत नाही.

तुमच्या घरी कोण ऐकणार आहे यावर बरंच अवलंबून आहे, हे मान्य. पण दोन-चार माणसं असतील, त्यांत एखादी म्हातारी असेल, आणि वाचता वाचता बोलणं व्हावं अशी इच्छा असेल, तर माझा कल गीता प्रवचनेकडे आहे. पहिल्या पानापासूनच सुरू करायला हवं असं काही नाही. बाराव्या अध्यायात सगुण आणि निर्गुण भक्ती सांगताना विनोबांनी लक्ष्मण आणि भरत घेतले आहेत: एक रामाजवळ राहून सेवा करणारा, दुसरा लांब राहून रामाचं काम करणारा. रामायण सगळ्यांना ठाऊक असतं. मुलगा नागपूरला किंवा पुण्याला राहत असलेल्या घरात तर हा अध्याय आधी वाचा, आणि मग पहिल्याकडे या.