कप-औंस आणि मिलिलिटर, दोन्ही मापांचा काचेचा जग: वापरानंतरचा अनुभव

गणपतीच्या आधी ठाण्याला जांभळी नाक्यावरून अर्ध्या लिटरचा हा मेजरिंग जग घेतला, आता होळी तोंडावर आली. एका अंगाला कप आणि औंस, दुसऱ्या अंगाला मिलिलिटर. घरून केकच्या ऑर्डरी करते, आणि इंटरनेटवरच्या बऱ्याच पाककृती अमेरिकी कपांतल्या असतात, म्हणून तो रोज ओट्यावर असतो.

माप खरं आहे. रिकामा जग काट्यावर ठेवून शून्य केला, 250 च्या रेघेपर्यंत पाणी भरलं, काटाही 250 ग्रॅमच्या आसपासच थांबला. रेघ मात्र डोळ्यांच्या पातळीवर आणूनच वाचा, उभ्याने वरून पाहिलं तर फसगत ठरलेली.

खरा फायदा झाला तो कपाचा गुंता सुटण्यात. अमेरिकी कप 236.6 मिलिलिटरचा. तिथल्या पोषणमूल्यांच्या लेबलवर तोच 240 धरतात, आणि मेट्रिक कप 250 चा. पाककृतीत सगळंच कपात असेल तर कुठलाही एक कप धरा, प्रमाण बिघडत नाही. अडतं ते अंड्यांपाशी, कारण कप मोठा झाला म्हणून अंडं मोठं होत नाही. तीन कप मैदा 250 च्या कपाने घेतला तर 40 मिलिलिटर, म्हणजे साधारण 20 ग्रॅम मैदा जास्त जातो; अंडी तेवढीच, मग केक कोरडा होणारच. बटरचंही तसंच: त्यांची एक स्टिक 113 ग्रॅमची, आपली छोटी वडी 100 ची. म्हणून दूध, तेल, ताक या जगातून मिलिलिटरमध्ये आणि मैदा-साखर सरळ काट्यावर, असं मी कायमचं ठरवून टाकलंय.

ब्रिटिश पाककृतींना औंसाची बाजू वापरू नका. त्यांचा द्रव औंस 28.4 मिलिलिटरचा, अमेरिकी 29.6 चा, पाइंट तर 568 आणि 473, इतका फरक. चमच्यांना हा जग निरुपयोगीच, सगळ्यात खालची रेघ 50 ची आहे. ऑस्ट्रेलियन पाककृतीतला मोठा चमचा 20 मिलिलिटरचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी 15 चा, तेवढं ध्यानात असू द्या.

तक्रारी दोन. तेल ओतताना चोचीखालून ओघळ येतो. आणि घासून घासून मिलिलिटरचे लाल आकडे फिके पडलेत, नेमके जे मला लागतात तेच. घेणार असाल तर काचेतच उठावदार आकडे असलेला बघा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.