बालवाडी शिक्षिकांचा ऑनलाइन कोर्स केला, आठ महिन्यांनंतर खरं खरं सांगते

कोर्सचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. पुण्याकडचा आहे, सहा महिन्यांचा, मराठीतून. मी कर्नाटकात, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मराठी बालवाडी चालवते, बावीस पोरं, तीन ते साडेपाच वर्षांची, आणि मदतीला एक मावशी. फी साडेचार हजार, वर किटचे अठराशे वेगळे. मिस्टर म्हणाले अकरा वर्षं शिकवायलीस, आता आणि काय शिकणार, आणि मलापण आतून तेच वाटत होतं बघा.

पैसे वसूल झाले ते एका वहीत. निरीक्षण वही. रोज दोन मुलं घ्यायची, पाच पाच मिनिटं नुसतं बघायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. मी पहिल्या दिवशी लिहिलं, "हट्टी आहे, आत येत नाही." वही तपासणाऱ्या मॅडमनी खाली शेरा मारला, हे तुम्हाला वाटलं, दिसलं काय ते लिहा. राग आला मला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच पोराकडे बघत बसले आणि लिहिलं, "दारात उभा. चप्पल काढली नाही. पाय उंबऱ्याला घासतोय. मावशीने घंटी बडवली तसे दोन्ही हात कानावर." लिहिता लिहिताच डोक्यात उजेड पडला. आमची पितळी घंटी बरोबर दाराच्या आत टांगलेली, त्याच्या डोक्यावरच! घंटी बंद केली, टाळ्या वाजवून बोलवायला लागलो, चौथ्या दिवशी पोरगं आपणहून आत येऊन बसलं. दर वेळी असं जमतं असं नाही हां, एक मुलगी चावते, तिची चार पानं भरलीत आणि का चावते ते मला अजून कळालेलं नाही.

दुसरं म्हणजे प्रश्न विचारून गप्प बसायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. करून बघा, दहा आकडे लई लांब असतात. मी आधी काय करायची, "हा रंग कुठला? लाल. म्हणा लाल." म्हणजे प्रश्न माझाच, उत्तरपण माझंच, आणि पोरं कोरस. एक मुलगा जूनपासून तोंड उघडत नव्हता, वाळूत पाणी ओतून बसलेला, मी विचारलं पाणी कुठं गेलं रे, आणि मोजायला लागले. आठवर आले तेव्हा म्हणाला, "खाली झोपायला गेलं." आधीची मी असते तर दोनवरच "जिरलं" म्हणून मोकळी झाले असते.

किटवर मात्र माझा राग आहे. लाकडी मणी, खाचा पाडलेला ट्रे, कापडी क्लिपा. त्याच कोर्सच्या व्हिडिओत सांगतात की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, परिसरातल्याच खडे, शिंपले, बियांचा वापर केला, आणि लगेच पुढच्या मेसेजमध्ये किट मागवायची लिंक! मणी दोन महिन्यांत हरवले, आता चिंचोके वापरते. फक्त तीनच्या आतलं कोण भावंडासोबत आलं असेल तर डबा वर ठेवते, नाकात घालतात.

पेन्सिलीआधी बोटं तयार करा, कणीक मळा, कागद फाडा, क्लिपा लावा, हे पटलं. आमच्याकडे कागद म्हणजे जुना पेपर, पोरं फाडतात लई खुशीत. पण पालक? सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत नाही हा कर्नाटकातला नियम, २०२५-२६ ला एका वर्षापुरती साडेपाचच्या आसपास सूट मिळाली, तेव्हापासून घराघरात हाच हिशोब चालतो की आमचं बसतंय का, नाही बसत तर वर्षभर बाई काय शिकवणार. एक जण दारात येऊन म्हणाले, "कणीक मळायला पाठवतोय काय ओ बाई पोराला? घरात कणीक कमी हाय काय?" कोर्समध्ये पालकांवर एकच धडा, "पालकांना विश्वासात घ्या." कसं घ्या ते लिहिलंच नाही. शेवटी मी त्यांच्या डाव्या हातात पेन देऊन म्हटलं, घ्या, नाव लिहा. दोन अक्षरांत बोटं आखडली. म्हटलं तुमच्या पोराचा उजवा हात अजून एवढाच तयार आहे. हसले, गेले. दुसऱ्या दिवशी एबीसीडीची वही पाठवलीच, ते सोडा.

आता खरं दुखणं. हा कोर्स ज्यांनी तयार केलाय त्यांना वाटतं सगळी पोरं घरात एकच भाषा, तीपण पुस्तकातली, बोलतात. माझ्याकडे अर्ध्यांची आई मराठी, शेजार कन्नड, दोघांच्या घरात उर्दू, एकाची आजी कोकणी. पोरगं "नीर पाहिजे" म्हणतं, पाण्याला कन्नड आणि बाकी मराठी, आणि त्यात त्याला काही वेगळं वाटत नाही. यावर कोर्समध्ये एक ओळ नाही. त्यात व्हिडिओ असाइनमेंटमध्ये एक मुलगी म्हणाली, "बाई, मी जातो," तर तिकडून शेरा, मुलीला लिंग चुकतंय, दुरुस्त करून घ्या. अहो, आमच्याकडे बायका "जातो"च म्हणतात! तिची आई म्हणते, आजी म्हणते, मी स्वतः घरात म्हणते, इथं जरा सांभाळून लिहायलेय. चार वर्षांच्या पोरीला तुझी आई चुकीचं बोलते असं सांगू काय? मोठा मेल लिहिला. उत्तर आलं, "नोंद घेतली आहे." मार्क वाढवले नाहीत.

बाकी ॲप जड आहे, जुलैत आमच्याकडे पाऊस लागला की रेंज नाही आणि लाईटपण नाही, दोन लाइव्ह क्लास बुडाले, रेकॉर्डिंग आठवड्यातच काढून टाकतात. सर्टिफिकेट आलं, पगार होता तेवढाच.

अंगणवाडीतल्या एका मैत्रिणीने विचारलं घेऊ काय, तिला म्हटलं थांब, आधी माझी वही ने, महिनाभर तशी लिही. लेव्हल दोनचा मेसेज मला रोज यायलाय. बेळगावात समोरासमोर बॅच काढली तर येईन, आणि येताना त्या मुलीला सोबत आणीन, "मी जातो"वाली.